रनआऊटला वाईड

आमच्या भागात लोक मला पंच म्हणून ओळखतात. ग्रामपंचायतीतला नव्हे, क्रिकेटमधला. पोट चालतं ते हॉटेलावर. धरणाच्या रस्त्याला माझं चहा-मिसळीचं छोटं हॉटेल आहे. पण पोट एका गोष्टीवर चालतं आणि मान दुसऱ्याच गोष्टीवर मिळतो. भात निघालं की मुळशीच्या खाचरांत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. मधले बांध काढून, रोलर फिरवून मैदान करायचं. कडेचा जो बांध उरेल ती बाउंड्री. तिथं पांढरी टोपी घालून मी उभा राहतो. हा माणूस विचार करत बसत नाही, अशी माझी ख्याती आहे. अपील झालं की बोट वर, नाहीतर मान आडवी. एकदा दिलेला निर्णय आमदार आले तरी मी फिरवत नाही. आमदार अजून आलेले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

घरी मात्र माझा एकच निर्णय असतो, आणि तो म्हणजे ‘बघू’. हॉटेलाला निळा रंग द्यावा की पिवळा, यावर मी दोन पावसाळे ‘बघू’ म्हणत काढले. शेवटी बायकोनं रंगाऱ्याला परस्पर बोलावलं आणि भिंती पिवळ्या करून टाकल्या. तेव्हापासून गिऱ्हाइकांना मी आवर्जून सांगतो, की मला निळा हवा होता. वाट चुकलेले पर्यटक थांबून लवासाचा रस्ता विचारतात, तेव्हा मी क्षणात सांगतो, “मागं फिरा.” दुसऱ्याला मागं फिरवायला मला कधीच वेळ लागत नाही.

बायको म्हणते, “दुसऱ्याला आऊट द्यायला तुमी वाघ. सोताची येळ आली की बघू.”

या ‘बघू’मधली खरी गंमत अशी, की मला लांबचं नीट दिसत नाही. गेली काही वर्षं समोरच्या टोकाचे स्टंप मला तीनऐवजी एक जाड खुंटा दिसतात. चष्मा केला नाही, कारण चष्मेवाल्या पंचाला मानणार कोण? मग एवढी वर्षं माझं चाललं कसं? तर माझ्या मुलीच्या डोळ्यांवर.

ती चौथीत होती तेव्हापासून माझ्याबरोबर मैदानावर येते. आमच्याकडे दुसरा पंच असा ठेवलेला नसतोच. स्क्वेअर लेगला हाताशी सापडेल त्याला उभं करतात. एकदा कुणीच सापडेना, म्हणून तिला उभं केलं आणि ती तिथली कायमची झाली. पण शाळकरी पोरीच्या शब्दावर गडी मैदान सोडतील, हे काही शक्य नव्हतं. म्हणून आम्ही दोघांनी खुणा ठरवल्या. समोरच्या टोकाला रनआऊटचं अपील झालं की मी टोपी सारखी केल्यासारखं करून तिच्याकडे बघायचं. तिनं मान खाली घातली तर आऊट. वेणीला हात लावला तर नॉटआऊट. ती मला सांगणार, मी जगाला सांगणार. एवढी वर्षं ही युक्ती कुणाच्या बापाला कळली नाही, अशी माझी समजूत होती.

मुलगी डावरी आहे. प्रसादाला डावा हात पुढं केला म्हणून देवळातल्या गुरवानं तिला लहानपणी कितीदा हटकलं असेल. पंगतीत शेजारचीला कोपर लागतं म्हणून तिला कडेला बसवतात. पण हायस्कूलला खेळाच्या नव्या मॅडम आल्या आणि त्यांनी मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ काढला, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी हिलाच उचललं. डावखुरी मुलगी पहिल्या बेसला सोन्यासारखी, असं त्यांचं म्हणणं. मला बेस म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. दोन वर्षं ती शाळा सुटल्यावर खेळत राहिली आणि मी दोन वर्षं “अभ्यास सांभाळून खेळ” एवढंच म्हणत राहिलो.

दहावीची परीक्षा संपली आणि एका दुपारी मॅडम हॉटेलात आल्या. चहा घेतला, आणि सरळ मुद्द्यावर आल्या. पुण्यातल्या एका कॉलेजात सुट्टीतलं शिबिर होतं. मुलींनी तिथंच हॉस्टेलला राहायचं, सकाळ-संध्याकाळ खेळायचं. शिबिरातून कॉलेजच्या संघासाठी मुली निवडणार होते, आणि जिची निवड होईल तिला अकरावीला तिथंच प्रवेश आणि राहायला हॉस्टेल मिळणार होतं.

“तुमच्या मुलीचं होईल, असं मला वाटतं,” मॅडम म्हणाल्या. “इकडच्या कॉलेजांत सॉफ्टबॉल नाहीये. आत्ता गेली नाही तर तिचा खेळ इथंच थांबेल. मला रविवारी संध्याकाळपर्यंत सांगा. सोमवारी सकाळी मी मुलींना घेऊन निघणार आहे.”

मुलगी मागे कांदा चिरत होती. विळीचा आवाज थांबला.

मी म्हटलं, “बघू.”

विळीचा आवाज पुन्हा सुरू झाला. जरा जोरात.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पैशाची अडचण नव्हती. असती तर बरं झालं असतं. मला एक भक्कम सबब मिळाली असती. ती नसल्यामुळे बाकीच्या सबबी मला घरीच तयार कराव्या लागल्या. पहिली सबब, हॉस्टेलचं जेवण. बायकोनं विचारलं, “आपल्या मिसळीवर जगली, तिला हॉस्टेलचं काय हुतंय?” दुसरी, मे महिन्याचं ऊन. त्यावर तिनं नुसतं माझ्या पांढऱ्या टोपीकडे बघितलं. तिसरी सबब माझ्या मते बिनतोड होती. म्हटलं, हा खेळच मुळात खरा नाही.

“नावच बघ की,” मी गिऱ्हाइकांच्या देखत सांगू लागलो. “सॉफ्ट बॉल. म्हंजी मऊ चेंडू. ह्यात कसली मर्दुमकी?”

हे बोलणारा माणूस आयुष्यभर टेनिसच्या चेंडूवर पंचगिरी करत आला होता, हे तेव्हा कुणी लक्षात आणून दिलं नाही. मुलगी हात धुऊन घरात गेली आणि चेंडू घेऊन आली. मोसंब्यापेक्षा मोठा, आमच्या भिंतींसारखा पिवळाधमक. हॉटेलाच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

“पप्पा, झेला.”

तिनं काही जोरात टाकला नाही, हे मी शपथेवर सांगतो. नुसता डाव्या हातानं सोडला. मी रुबाबात एकच हात पुढं केला. आवाज आला तो चेंडूचा नव्हता. उजव्या हाताचं पहिलं बोट, म्हणजे ज्या बोटानं मी आजवर निम्म्या तालुक्याला मैदानाबाहेर काढलं ते, बघता बघता गाजराएवढं झालं. डॉक्टर म्हणाले, बारीक चीर गेलीय. त्यांनी ते बोट शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधून टाकलं आणि विचारलं, काय लागलं?

“मऊ चेंडू,” बायकोनं सांगितलं.

तिसरी सबब अशी हाताबाहेर गेली. गावात चर्चा मात्र सुरू झाली. आमच्याकडे हॉटेल चालवणाऱ्याच्या घरातली गोष्ट घरातली राहत नाही. पोहे खाणारा प्रत्येक जण त्यावर मत देऊन जातो. कुणी म्हणालं पाठवा, नाव काढंल. कुणी म्हणालं पोरीच्या जातीला कशाला. मी दोघांनाही “बरोबर हाय तुमचं” म्हणून मान डोलावली. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी अवस्था झाली होती. घरात बायको मुद्दाम काहीच म्हणत नव्हती. मी तिला खोदून विचारलं तर म्हणाली, “मी न्हाई सांगायची. सांगितलं की जलमभर म्हणाल, मला निळा पायजे हुता.”

खरं कारण मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला ती जायला नको होती. एवढंच. सकाळी हॉटेल उघडताना ती शटरचं दुसरं टोक धरते. मी गिऱ्हाइकाला थापा मारत असलो की मागून खोकते. आणि मैदानावर ती नसली तर मी काय उरतो? एक आंधळा पांढरी टोपी घालून उन्हात उभा. हे कुणापाशी बोलायची सोय नव्हती, म्हणून ते मी जेवण, ऊन आणि मर्दुमकी यांच्या आड दडवलं होतं.

शुक्रवारी रात्रीचं जेवण झाल्यावर ती माझ्यापाशी आली. म्हणाली, “पप्पा, न्हाई म्हणायचं आसंल तर न्हाई म्हणा. पण बघू म्हणू नका.”

“का गं?”

“न्हाई म्हटलं की मला रडता तरी येतंय.”

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, त्या बांधलेल्या दोन बोटांनी, आणि सवयीनं तोंडात आलेलं ‘बघू’ गिळलं. पोरीच्या जिवाला काय लागलं होतं ते मला त्या रात्री कळलं. कळूनही मी केलं काय, तर सकाळी उठून निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात घालायला निघालो. बायको घेत नव्हती. म्हटलं, देवी तरी घेईल.

आमच्याकडे अडलं-नडलं की गावदेवीला कौल लावतात. गुरव पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या देवीच्या दोन खांद्यांना चिकटवतो. मग सवाल घालायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, विहिरी, हरवलेल्या म्हशी, सगळं यात बसतं. सॉफ्टबॉलचं शिबिर बसतं की नाही ते कुणाला माहीत नव्हतं, असं विचारणारा मीच पहिला. गॅसची टाकी आणायला जातो असं घरी सांगून मी गावाबाहेरच्या राईतल्या देवळात गेलो.

गुरव माझ्याच वयाचा, शाळेपासूनचा सोबती. पाकळ्या लावून म्हणाला, “घाल सवाल.”

मी डोक्यात सगळं जुळवून गेलो होतो. मला नकार हवा होता, पण तो देवीच्या होकारातून मिळाला असता तर जास्त वजनदार वाटला असता. म्हणून मी हात जोडून म्हटलं, “आई, पोरीनं जाऊ नये आसं आसंल तर उजवी दे.”

गुरवानं पाकळ्या काढून घेतल्या. “आसं उलटं न्हाई घालायचं. सरळ इचार. देवी काय कोर्टात बसलीया व्हय?”

मग सरळ विचारलं. पोरीला पाठवू का? आणि मनातल्या मनात म्हटलं, डावी. पाकळ्या काही हलेनात. गुरवानं एक बिडी ओढली. राईत कुठंतरी कोतवाल पक्षी ओरडत होता. किती वेळ गेला कोण जाणे, आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या डाव्या हाताची पाकळी सुटून देवीच्या पायांशी पडली.

“डावी,” मी म्हटलं आणि साष्टांग नमस्कार घातला. इतक्या मनापासून मी देवीच्या पाया आधी कधी पडलो नव्हतो.

“उजवी,” गुरव म्हणाला.

मी आडवा पडूनच मान वर केली. “माज्या डाव्या हाताला पडली की.”

“तुज्या डाव्या. देवीचं तोंड तुज्याकडं हाय. तिची उजवी.”

प्रत्येक डावखुऱ्या बॅट्समनला ऑफची लेग आणि लेगची ऑफ करत ज्याचं आयुष्य गेलं, त्या पंचाला देवीनं असं चकवलं. मी उठलो, गुडघ्याची माती झटकली. आजवर माझ्याशी बॅट्समन जसे हुज्जत घालतात तशी हुज्जत घातली. म्हटलं, “आन समज, देवी डावरी आसली तर?”

गुरवानं पडलेली पाकळी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, “आसंल बी. मग तर ती तुज्या पोरीच्याच बाजूची.”

मी टाकी न घेताच घरी आलो. एजन्सी बंद होती, असं सांगायचं ठरवलं होतं. पण बायको दारातच म्हणाली, “गुरवाचा फोन आला हुता. उजवी दिली म्हणं.”

आता माणूस दुसऱ्याच्या निर्णयावर रडीचा डाव खेळतो तेव्हा कसा दिसतो, हे मी मैदानावर हजारदा बघितलं आहे. त्या दिवशी आरसा नव्हता एवढंच. मी म्हटलं, “देवीनं पाठव म्हटलं. याच वर्षी पाठव, आसं कुटं म्हटलं? पुढच्या वर्षी बघू.”

“पुढच्या वर्षी काय, पोरगीनं दहावी परत द्यायची?” बायको म्हणाली आणि आत गेली. मुलगी आतच होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती बाहेर आली नाही.

रविवारी उपांत्य सामना होता, आमचा संघ आणि कासारसाईचा. मुलगी येते की नाही याची मला धाकधूक होती, पण ती टोपी घेऊन माझ्या आधी मोटारसायकलपाशी उभी होती. बांधावर बऱ्यापैकी गर्दी. बायकोही आली होती, तिच्या शेजारी मॅडम येऊन बसल्या होत्या. दोघी बोलत होत्या. लांबचं दिसत नसलं तरी त्या माझ्याबद्दल बोलताहेत, एवढं मला दिसत होतं.

बोटाची भानगड पहिल्याच षटकात उभी राहिली. एक जण माझ्या टोकाला धावबाद झाला आणि मी हात वर केला. बांधलेली दोन्ही बोटं वर गेली. समोरचा बॅट्समनसुद्धा बॅट काखेत मारून चालू लागला. “दोन बोटं दावली,” तो म्हणाला, “म्हटलं दोघं बी गेलो.” त्याला परत आणून उभं करावं लागलं. तिथून पुढं मी डाव्या हातानं आऊट द्यायला लागलो. डावा हात वर करताना फार चमत्कारिक वाटतं. आपणच चुकतोय असं वाटत राहतं. मुलीला लहानपणापासून उजव्या हातानं जेव म्हणताना तिला काय होत असेल, ते तेव्हा मनात येऊन गेलं.

शेवटच्या षटकापर्यंत सामना अटीतटीला आला. कासारसाईच्या पोरानं चेंडू बांधाकडे ढकलला, दुसऱ्या धावेला फिरला. फेक सरळ यष्टिरक्षकाकडे आली, बेल्स उडाल्या, धुळीचा लोट उठला. समोरच्या टोकाला. आमचे अकराच्या अकरा जण ओरडले. मी रिवाजाप्रमाणे टोपी सारखी केली आणि स्क्वेअर लेगकडे बघितलं.

तिनं वेणीला हात लावला नाही. मानही खाली घातली नाही. ती जरा पुढं वाकली आणि दोन्ही हात आडवे, खांद्यांच्या रेषेत, झटक्यात पसरले. तळवे जमिनीकडे.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मग बांधावरून कुणीतरी विचारलं, “रनआऊटला वाईड?”

हशा पिकला. मीही चक्रावलो. क्रिकेटमध्ये त्या खुणेचा दुसरा अर्थच नाही. हात आडवे पसरले की वाईड. मुलीच्याही लक्षात आलं. तिनं जीभ चावली, हात खाली घेतले आणि घाईनं वेणी धरली. बांधावरून मॅडमचा आवाज आला, “सेफ म्हणतीये ती. आमच्याकडे नॉटआऊटला तसं करतात.”

मी काही बोलणार, तेवढ्यात कासारसाईचा तो बॅट्समन अंगावरची धूळ झटकत माझ्याजवळ आला. “पंच, येणी धरली तिनं. म्हंजी नॉटआऊट.”

“येणीचा काय संबंध?” मी कडक आवाजात विचारलं.

“आता आमाला बी माहीत हाय की. येणी धरली तर नॉटआऊट, मान घातली तर आऊट.”

“तुला कुणी सांगितलं?”

“सांगाया कशाला पायजे? सगळ्या मुळशीला ठावं हाय.” त्यानं आमच्या कप्तानाकडे बघितलं. आमच्या कप्तानानं मान खाली घातली, आणि ती खूण नव्हती.

मी विचारलं, “मग इतकी वर्षं कुणी बोललं कसं न्हाई?”

तो म्हणाला, “पोरीचं चुकत न्हाई. आन तुमी मधी पडत न्हाई. मग कशाला बोलायचं?”

एवढ्या वर्षांची माझी ख्याती त्या खाचरात उभ्या उभ्या माझ्या हातात आली, आणि ती माझी नव्हतीच. राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. मी पोरीकडे बघत होतो. ती वेणीचं टोक धरून उभी होती, लाजलेली. डोळ्यांनी ती माझ्यासाठीच बघत होती, पण आणीबाणीच्या क्षणी तिचे हात आपोआप पसरले होते. दोन वर्षं ती रोज संध्याकाळी जिथं होती तिथली भाषा त्या हातांना लागली होती. मी इथं तिला पाठवू की नको याचा कीस काढत बसलो होतो, आणि ती केव्हाच तिकडची झाली होती. ते बघून वाईट वाटलं. आणि खरं सांगतो, अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटलं.

“नॉटआऊट,” मी जाहीर केलं. आमचा संघ त्या एका धावेपायी हरला, तो भाग वेगळा.

सामना संपल्यावर मॅडम बांधावर उभ्या राहिल्या. मी खेळपट्टीजवळच होतो, मध्ये पोरांचा गोंधळ चाललेला. त्यांनी लांबूनच दोन्ही तळवे वर करून विचारलं, काय ठरलं? हाक मारावी तर माझा घसा बसलेला. उजवा हात वर करावा तर दोन बोटं, डावा करावा तर आऊट. मग मी जरा पुढं वाकलो आणि दोन्ही हात आडवे पसरले. चांगले ताणून, तळवे जमिनीकडे.

“आता कशाला वाईड, म्याच संपली की,” आमचा बॉलर म्हणाला.

मॅडमना कळलं की नाही ते मला दिसलं नाही. पण स्क्वेअर लेगवरून मुलगी पळत निघाली ती थेट माझ्या अंगावर येऊन आदळली, आणि बांधावरून बायकोचा आवाज आला, “व्हय म्हणतायत वो म्याडम. ब्याग मी कालच भरलीया.”

सोमवारी सकाळी ती गेली. जाताना मला म्हणाली, “पप्पा, चष्मा करा.” मी बघू म्हणालो नाही. त्याच आठवड्यात पौडला जाऊन चष्मा केला. परत आल्यावर रस्त्यातूनच हॉटेलाकडे नीट बघितलं. पिवळा रंग चांगला दिसतो. बायकोला अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारी अंतिम सामना. स्क्वेअर लेगला गुरवाला उभं केलं होतं; तो सगळा वेळ मोबाईलमध्ये बघत होता. आणि व्हायचं तेच झालं. समोरच्या टोकाला चेंडू आणि माणूस एकदम आले, धूळ उठली, अपील झालं. चष्म्यातून स्टंप तीनच्या तीन दिसत होते, पण धूळही तेवढीच स्पष्ट दिसत होती. माझा हात टोपीकडे गेला आणि मी स्क्वेअर लेगकडे बघितलं. मग माझ्या ध्यानात आलं, की मैदानावरचे सगळेच तिकडं बघताहेत. बॉलर, बॅट्समन, बांधावरची माणसं. गुरवानं मान वर करून विचारलं, “काय झालं?”

मग सगळे माझ्याकडे वळले. मी डावा हात वर केला. कुणी हुज्जत घातली नाही. बॅट्समन गेला, पण जाताना एकदा, ती जिथं उभी राहायची त्या जागेकडे बघून गेला.

संध्याकाळी तिचा फोन आला. हॉटेलात गिऱ्हाईक नव्हतं, बायको मिसळीचं पातेलं घासत होती. मी अंगणात जाऊन बोललो. तिनं आधी सामन्याचंच विचारलं.

“रनआऊट झाला का कुणी?”

“झाला एक.”

“कोणत्या टोकाला?”

“समोरच्या.”

“आऊट हुता का?”

“दिला,” मी म्हटलं. “हुता का न्हाई, ते तू आसतीस तर कळलं आसतं.”

तिकडं मागे पोरींचा कलकलाट चालला होता. मग ती हळू आवाजात म्हणाली, “पप्पा, माझी निवड झाली.”

मला तिला खूण करून दाखवायची होती. फोन एका हातात होता, म्हणून दुसराच तेवढा आडवा पसरला. एका हाताचा नोबॉल होतो. बायको दारात येऊन उभी होती, तिनं बघितलं, आणि ओला हात पदराला पुसून माझ्या हातातून फोन घेतला.

मग माझे दोन्ही हात मोकळे झाले.